अण्णांचा प्रश्न

राज्यशास्त्र घेतले तेव्हा आमचे अण्णा म्हणाले, "पुस्तके वाचून कुणी राज्य चालवते का रे?" मी गप्प बसलो. पुढे ली होंग-कू यांच्याविषयी वाचले आणि वाटले, सापडले उत्तर! येल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले हे कोरियन प्राध्यापक जवळजवळ वीस वर्षे सेऊलच्या राष्ट्रीय विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवीत होते. १९८८ साली ते एकीकरण खात्याचे मंत्री झाले. दुभंगलेला देश टप्प्याटप्प्याने जोडावा, ही १९८९ ची योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. मग लंडनला राजदूत, १९९४ मध्ये पंतप्रधान, १९९८ मध्ये वॉशिंग्टनला राजदूत. अण्णांना हे सारे मी ऐटीत ऐकवले.

मधले एक पान मात्र गाळले. २६ डिसेंबर १९९६ च्या पहाटे सत्ताधारी पक्षाने विरोधकांच्या गैरहजेरीत नवा कामगार कायदा काही मिनिटांत संमत करून घेतला. देशभर संप पेटला. पक्षाची धुरा तेव्हा आमच्या प्राध्यापकांकडेच होती.

राहवेना, म्हणून एके रात्री तेही सांगितले. अण्णा हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "आणि लोकशाही म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते."

तेव्हापासून वर्गात वही उघडली, की ते वाक्य आठवते.