कच्च्या चिठ्ठ्या

मराठीच्या प्राध्यापकांना संगणकशास्त्राशी काय कर्तव्य, असे आम्हांला अधूनमधून विचारले जाते. करडीला महिन्यातून एकदा आम्ही चारपाच जण झाडीबोलीच्या शब्दसंग्रहासाठी बसतो. गणित आणि संगणक शिकवणारे एक सहकारीही त्या बैठकीला येतात. आपल्या विषयात नवलाचे जे हाती लागेल, ते आमच्यापुढे ठेवायचे, हा त्यांचा शिरस्ता. सूत्रे आमच्या डोक्यावरून जातात. पण सूत्र सापडल्यावर माणसे त्याचे काय करतात, हे मात्र कळते.

त्यांनी सांगितलेली कानपूरची हकीकत आमच्या मनात घर करून आहे. दिलेली संख्या मूळसंख्या आहे की नाही, हे निःसंशय आणि झटपट ठरवणारी रीत कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच पदवीधर झालेले नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी शोधली. ऑगस्ट २००२मध्ये त्यांनी तो छोटेखानी लेख प्रथम काही जाणकारांना पाठवला आणि संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवला. छापील नियतकालिकात तो आला २००४ साली. मधल्या काळात लेख पुष्कळ बदलला. मूळ सिद्धतेला संख्या-सिद्धान्तातील एका अवघड निष्कर्षाचा टेकू लागत होता. हेंड्रिक लेन्स्ट्रा यांच्या सूचनेने तो टेकूच अनावश्यक ठरला. वाटल्याने सिद्धता सोपी झाली, आणि श्रेय मात्र तिघांचेच राहिले.

याच्या उलट आहे नरेंद्र करमरकर यांची कथा. ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले करमरकर १९८४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत होते. मर्यादित साधनांतून सर्वाधिक लाभ कसा साधावा, या जातीचे प्रश्न सोडवण्याची नवी रीत त्यांनी मांडली आणि ती वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर झळकली. सिद्धान्त छापून आला होता. पण ती रीत वेगाने चालवणाऱ्या प्रोग्रामचा तपशील कंपनीने राखून ठेवला. मग वेगाच्या दाव्यांची शहानिशा कशी करायची, यावर तज्ज्ञांत वादंग माजले. १९८८मध्ये कंपनीला एकस्वही मिळाले. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट उजेडात आली: करमरकरांच्या रितीचे सोपे रूप म्हणून अनेकांनी जे नव्याने मांडले, ते दिकिन नावाच्या सोविएत गणितज्ञाने १९६७ सालीच छापले होते. दाराला कुलूप कुणीही लावले नव्हते, तरी त्या घरात कुणी डोकावले नव्हते!

हे ऐकताना आमच्यातील एक ज्येष्ठ सहकारी अस्वस्थ झाले. वर्षानुवर्षे जमवलेल्या त्यांच्या म्हणी एका ग्रंथात नामोल्लेखाविना छापल्या गेल्या होत्या. “कानपूरवाल्यांचे सोपे होते. लेखावर नावे होती, तारीख होती. आमच्या म्हणीवर कुणाचे नाव?” त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आपल्या विद्यापीठीय जगात शोधनिबंध छापून येईपर्यंत टिपणे कपाटात ठेवण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामागे केवळ कृपणता नसते, भाजलेले हातही असतात. तथापि संगणकवाल्यांचा धडा ‘उदार व्हा’ एवढाच नाही. दिनांकित, स्वाक्षरीसह, पण कच्चे असतानाच वाटा, असा तो आहे. यातला ‘दिनांकित’ हा शब्द आम्हांला औदार्याहून महत्त्वाचा वाटतो.

पुढच्या बैठकीपासून प्रत्येक चिठ्ठीवर संकलकाचे नाव, सांगणाऱ्याचे गाव आणि तारीख घालायची, असे ठरले. चिठ्ठ्यांची पेटी आजवर कुणालाही न दाखवणाऱ्या आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीने त्या दिवशी चाळीसेक चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. ‘डोरा’ म्हणजे डोळा, इथवर कुणी हूं की चूं केले नाही. ‘बांधी’ म्हणजे शेत, असे तिने वाचताच आमचे संगणकाचे सर, जे धानाच्या शेतकऱ्याच्या घरातले आहेत, मध्येच म्हणाले, “अहो, शेतात बांध्या असतात! बांध घालून पाणी अडवलेला एकेक तुकडा म्हणजे बांधी.” तिने ‘शेत’ खोडले, नवा अर्थ लिहिला आणि खाली सरांचे गाव व तारीख घातली.