सेमिनरी हिल्सचा हंसराज

धरमपेठ म्हटले की बंगले, शाळा आणि कपड्यांची झगमगीत दुकाने डोळ्यांपुढे येतात. माझ्या मायला मात्र धरमपेठ आठवते ती व्हरांड्यातल्या कुंड्यांमुळे. एका बंगल्यात ती धुणीभांडी करायची. उन्हाळ्यात त्या कुंड्यांना दोन वेळ पाणी घालणे हेही तिचेच काम. कुंड्यांत होता बोस्टन फर्न. फर्न म्हणजे आपल्या मराठीत नेचा. हा नेचा मूळचा अमेरिका खंडातला.

एका पावसाळ्यात त्याच बंगल्यामागच्या जुन्या दगडी भिंतीच्या सांदीतून मायने एक नाजूक रोपटे मातीसकट घरी आणले व डालड्याच्या डब्यात लावले. घोड्याच्या केसासारखी काळी, चकचकीत दांडी आणि तिच्यावर पंख्याच्या आकाराची पाने. हिवाळा सरता सरता ते पार वाळले. मी डबा उकिरड्यावर रिकामा केला. आजीला कळले तेव्हा ती हळहळली, "मेलं नव्हतं वं पोरी, निजलं होतं."

आजीचे म्हणणे किती खरे होते, ते गेल्या ऑगस्टमध्ये पटले. रविवारी लेकीला घेऊन धरमपेठेतून रविनगर, फुटाळा असे करीत आम्ही सेमिनरी हिल्सवर गेलो. ही टेकडी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या दगडाची. एप्रिल-मे महिन्यांत इथले रान पानगळीने उघडे पडते. पावसाळ्यात मात्र दगडाच्या सावलीतल्या बाजूला हिरवे शेवाळ चढते. तिथेच, पाणी झिरपणाऱ्या एका कपारीत, आमच्या डब्यातले रोपटे दिसले. त्याचे नाव हंसराज.

लेकीने विचारले, "याला फूल कधी येते?" कधीच नाही! नेच्याला फूल नाही, फळ नाही, बीसुद्धा नाही. पान उलटून पाहिले तर कडेला तपकिरी रेघ दिसते. तिच्यात धुळीसारखे बारीक बीजाणू असतात. ओल्या जागी पडलेल्या बीजाणूतून आधी नखाहून लहान असा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्याच्यावरच्या नरपेशी पाण्याच्या थरातून पोहत मादीपेशीकडे जातात, तेव्हा कुठे नवे रोप धरते. म्हणून त्याला ओल आणि सावली दोन्ही लागतात. हंसराजाला आणखी एक युक्ती अवगत आहे. त्याच्या पानाचे लांब टोक वाकून जमिनीला टेकले की तिथे मुळे फुटतात आणि नवे रोप उभे राहते. असे एकेक पाऊल टाकीत तो पुढे सरकतो.

ऊन तापू लागले की पाने वाळतात. पण जमिनीत त्याचे आडवे खोड जिवंत असते. आठ-आठ महिने ते कोरड्यात तग धरते आणि पहिल्या पावसाबरोबर गुंडाळलेली कोवळी पाने वर काढते. आमच्या डब्यात तेच खोड होते आणि मी ते फेकून दिले होते.

नेच्यांचे कूळही फार जुने. कामठी परिसरातल्या खाणींचा कोळसा ज्या जंगलांपासून बनला, त्या पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या जंगलांतही नेचे होते. खाणीत राबणाऱ्या आपल्या बांधवांनी हे मुलांना जरूर सांगावे.

परतताना त्या बंगल्याच्या मागल्या गल्लीत डोकावले. जुनी भिंत आता सिमेंटने लिंपून गुळगुळीत केली आहे. सांद उरली नाही, ओल उरली नाही आणि हंसराजही नाही. टेकडीवरच्या कपारीत तो अजून आहे, कारण तिथला दगड आणि सावली कोणी हलवलेली नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, ऑगस्टमध्ये एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. बसचे भाडे आणि घरची भाजी-भाकर, एवढ्यात सहल होते. पान उलटून दाखवा, पण रोप उपटू नका. उन्हाळ्यात गेलात आणि कपार कोरडी दिसली, तर मुलांना आजीचे वाक्य सांगा. मायला मी त्या दिवशी घरी येऊन हेच सांगितले. ती म्हणाली, "मग पुढच्या पावसात मलेही ने."