विमानाआधीची रात्र

पूर्वी गावातून परदेशी जाणारा म्हणजे एखाद्या घरचा खूप शिकलेला मुलगा. आता तसे राहिलेले नाही. मुलगी-जावई हॉलंडात, मुलगा अमेरिकेत, म्हणून साठी ओलांडलेले आईवडील निघतात. द्राक्ष बागायतदार तिकडची बाजारपेठ पाहायला जातो. कृषी खात्याच्या अभ्यास दौऱ्यांतून शेतकऱ्यांच्या तुकड्या जातात. आपल्या बहुतेकांची वाट मुंबईच्या सहार विमानतळावरून जाते, आणि परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर किंवा भल्या पहाटे सुटतात. म्हणून आदल्या दिवशीच मुंबई गाठावी लागते आणि रात्र विमानतळावर किंवा त्याच्या आसपास काढावी लागते. व्हिसा, तिकीट, कपडे यांची तयारी महिनाभर चालते. ही रात्र मात्र देवाच्या भरवशावर सोडलेली असते. शेतकऱ्यांच्या तुकडीबरोबर जाण्याचा योग मला दोनदा आला. त्यावरून चार गोष्टी सांगतो.

तारीख नीट वाचा

आपला वार सूर्योदयाला बदलतो. शनिवारी रात्री दोन वाजता लाईट आली आणि शेतकरी मोटार चालू करायला गेला, तर तो शनिवारी रात्री पाणी धरले असेच म्हणतो. विमानाची तारीख मात्र मध्यरात्री बाराच्या ठोक्याला बदलते. तिकिटावर ता. १५, वेळ ०१.५० असे छापले असेल, तर ते विमान चौदा तारखेच्या रात्रीचे जेवण झाल्यावर काही तासांतच उडणार. घर सोडायचे चौदा तारखेला.

निफाडकडच्या एका बागायतदार दांपत्याचा अनुभव ऐकण्याजोगा आहे. मुलगी बाळंतपणाला टेकली होती, म्हणून आई निघाली होती. डिंकाचे लाडू झाले, बाळंतविडा झाला, गावाने निरोप दिला. दोघे पंधरा तारखेच्या रात्री विमानतळाच्या दारात पोचले. जवानाने तिकीट पाहिले आणि म्हणाला, "काकू, हे विमान काल रात्रीच गेलं." काका मला पुढे सांगत होते, "साहेब, पंधरा तारखेचं तिकीट होतं अन् आम्ही पंधरालाच गेलो. आमचं चुकलं कुठं?" नवे तिकीट तीन दिवसांनी मिळाले, पैसे दुप्पट गेले, आणि बाळ आजीच्या आधी पोचले. म्हणून तिकीट हाती आल्याबरोबर घरातल्या कॅलेंडरवर विमानाच्या तारखेला नव्हे, तर घर सोडण्याच्या तारखेला खूण करावी.

सहारची जागा

सहार हे मूळचे गाव. साष्टीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची भातशेती या भागात होती. आज त्या जमिनीवर धावपट्ट्या आहेत. १९९९ साली विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले. परदेशी विमाने सुटतात ते टर्मिनल दोन २०१४ साली नव्या रूपात सुरू झाले. त्याच्या छताची व खांबांची नक्षी मोरपिसावरून घेतली आहे, आणि आतल्या लांबच लांब भिंतीवर देशभरातल्या कलाकुसरीचे नमुने मांडले आहेत. वेळ हाताशी असेल तर ते जरूर पाहावेत. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

मिठी नदी या विमानतळाच्या धावपट्टीखालून वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्या दुष्काळी तालुक्यांत वर्षभरातही एवढा पडत नाही. विमानतळ बंद ठेवावा लागला, रस्ते आणि लोकल थांबल्या. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये निघणाऱ्याने एक दिवस जादा धरावा आणि आदल्या दुपारीच मुंबईत असावे.

नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून विमानाने येणाऱ्यांनी आपण कोणत्या टर्मिनलवर उतरणार, हे तिकिटावर पाहून ठेवावे. टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन एकमेकांना लागून नाहीत. सामान घेऊन रस्त्याने जावे लागते. रेल्वेने येणाऱ्यांनी कल्याण किंवा ठाण्याला उतरून लोकलने घाटकोपर गाठावे. तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि तिथे मेट्रो बदलली की पुढचेच स्थानक टर्मिनल दोनचे. मात्र मेट्रो रात्रभर चालत नाही. दहाच्या आत पोचायचे असेल तरच हा मार्ग धरावा. नाहीतर टॅक्सी बरी.

वेळेचा उलटा हिशेब

पेरणीची तारीख आपण काढणीवरून मागे मोजतो, तसाच हा हिशेब करावा. बहुतेक कंपन्यांच्या सामान घेण्याच्या खिडक्या सुटण्याच्या तीन तास आधी उघडतात आणि तासभर आधी बंद होतात. त्यानंतर पासपोर्टची तपासणी, अंगझडती आणि बरेच चालणे. विमान ०१.५० चे असेल तर रात्री दहाला दारात असावे, म्हणजे नाशिकहून दुपारी तीनच्या आत निघावे. अशा वेळी लॉजची खोली घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा घरीच दुपारी जेवणाआधी दोन तास झोप काढावी. विमान सकाळी साडेसहाचे असेल, तर मात्र मरोळ किंवा अंधेरी पूर्वेला खोली घ्यावी, आठला झोपावे, दोनला उठावे. टॅक्सी संध्याकाळीच ठरवून ठेवावी.

दारावर तिकीट आणि पासपोर्ट पाहूनच आत सोडतात. फार लवकर गेल्यास थांबवतात, आणि एकदा आत गेल्यावर सहजी बाहेर येता येत नाही. जाणारे दोघे आणि पोचवायला जीपभर माणसे, ही आपली रीत इथे उपयोगाची नाही. पोचवणाऱ्यांना आत जाता येत नाही, बाहेर बसायला जागा बेताचीच. गावातच निरोप घ्यावा आणि मोबाईल नीट वापरता येणारा एकच भाचा-पुतण्या बरोबर न्यावा.

आत गेल्यावर आधी सगळ्या तपासण्या उरकून आपल्या गेटपर्यंत जावे, मग पाठ टेकावी. राखणीला मचाणावर दोघे असतात तेव्हा एक जागा राहतो, तसे करावे. नाव पुकारतील या भरवशावर राहू नये. दर अर्ध्या तासाने फलक पाहावा, कारण गेट बदलू शकते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी चाकाची खुर्ची हवी असल्याचे तिकीट काढतानाच कंपनीला कळवावे; त्यात कमीपणा नाही.

बोचक्यात काय असावे

साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, शाल आणि पासपोर्ट हे हातातल्या पिशवीत. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही टाकू नये. खालच्या थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते. मोबाईलची पॉवर बँकही हातातच ठेवावी. तूप, तेल, लोणचे मात्र हातातल्या पिशवीतून काढून घेतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, कारण त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. रात्रीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी उत्तम. पाण्याची बाटली तपासणीपर्यंत रिकामी ठेवावी, पलीकडे भरून घ्यावी.

शेती खात्यातला माणूस म्हणून आणखी एक सांगतो. लेकीसाठी आंबे, कढीपत्ता, मेथीचे बी, मोगऱ्याचे रोप नेऊ नये. परदेशात झाडपाल्याची तपासणी कडक असते, कारण फळाबरोबर अळी जाते आणि बियाबरोबर रोग जातो. फळमाशी आढळल्यामुळे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा आणि कारले, वांगी, अळू, पडवळ या भाज्यांची आयात बंद केली होती. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली, पण मधला हंगाम बागायतदारांचा बुडाला. आपल्या पिशवीतले चार आंबे कोणाच्या तरी बागेला जड जाऊ शकतात. विमानतळावर रात्री बारा वाजता बॅग उघडून माल टाकण्यापेक्षा तो घरीच ठेवलेला बरा.

शेवटी, एका कागदावर मुला-मुलीचे नाव, तिकडचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहून घ्यावा. त्याच्या दोन प्रती कराव्यात, एक पासपोर्टमध्ये आणि एक खिशात. मोबाईलची बॅटरी पहाटे तीनला संपते. कागद संपत नाही. रात्रीच्या लाईटवर पाणी धरणाऱ्या माणसाला जागरणाचे भय नसते. फक्त कोणत्या रात्री जागायचे, ते आधी ठाऊक हवे.