बदललेला ब्लॉक

औंढ्यातल्या एका बंगल्याच्या आवारात १९७६ ची प्रीमिअर पद्मिनी विकायला होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही फियाट. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगपाशी. अब्बांनी मुंबईत वर्षानुवर्षे हीच टॅक्सी चालवली, पण मालकाची. त्या टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या.

अब्बांनी बॉनेट उघडले, ब्लॉकवर फडके फिरवले. "बेटा, नंबर बघ." आरसी बुकात नंबर दुसराच. मूळ ब्लॉक तडकला म्हणून हा बसवलेला, नोंद नाही.

शौकिनांच्या लेखी अशी गाडी उतरते. मला त्याचे काही नव्हते, घाट चढला म्हणजे झाले. पण जनरल रजिस्टर आणि रेशनकार्ड यांत नाव एका अक्षराने चुकले की पालकांना किती उंबरे झिजवावे लागतात, ते शाळेत रोज पाहतो. आपल्या लोकांना तर विचारूच नका!

"सर, कोण बघतंय?" मालक म्हणाला.

"ब्लॉकची पावती काढा, आरटीओत नोंद करा, मग पैसे," मी म्हणालो.

अब्बा तोवर चाकामागे बसले होते. गिअरचा दांडा एकदा ओढून मुकाट्याने उतरले.

अजून फोन नाही. अब्बांनी मात्र पत्र्याखालची लाकडे हलवून जागा केली आहे.