सीमारेषेबाहेरचा मार्गदर्शक

आशिया-पॅसिफिक प्रदेशातील प्रसारण संस्थांच्या संघटनेने २००२ मध्ये सुरू केलेली 'रोबोकॉन' ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची यंत्रमानव-स्पर्धा २००८ आणि २०१४ अशी दोनदा पुण्यात भरली. यजमान देशाने दरवर्षी नवा खेळ रचावा या तिच्या प्रथेप्रमाणे पहिल्या खेपेस गोविंदा, तर दुसऱ्या खेपेस पालकत्व हा विषय होता. २०१४ च्या खेळात 'पालक' यंत्राने 'बालक' यंत्राला सी-सॉ, झोपाळा असे खेळ घडवून अखेरीस जंगल जिमपाशी, म्हणजे चढण्याच्या सांगाड्यापाशी, सोडायचे आणि वर मात्र बालकाने आपले आपण चढायचे, अशी अट होती. सर्व कामे पुरी करणाऱ्या संघाच्या विजयाला नाव होते 'शाबाश'. मार्गदर्शकाच्या कामाचे मर्म या अटीत पुरते उतरले आहे.

या स्पर्धेत संघाची ओळख तीन विद्यार्थी आणि एक मार्गदर्शक अशी असली, तरी यंत्रे मांडण्याचे एक मिनिट आणि सामन्याची मोजकी मिनिटे विद्यार्थ्यांचीच असतात. कित्येक महिने रात्री जागवून घडवलेले यंत्र ऐन वेळी अडले, तरी मार्गदर्शकाला केवळ पाहत राहावे लागते. म्हणून त्याला जे शिकवायचे ते सामन्याच्या कितीतरी आधी, वर्कशॉपमध्ये आणि सरावात, शिकवून झालेले असावे लागते.

मैदानावरील पांढऱ्या रेषेवरून आपोआप चालणाऱ्या यंत्राचे उदाहरण घ्यावे. त्याच्या पोटाखालचे सेन्सर जमिनीवर प्रकाश टाकतात आणि परतणाऱ्या प्रकाशाचे आकड्यात रूपांतर करतात. पांढऱ्या रंगावरून प्रकाश अधिक परततो, गडद रंगावरून कमी, आणि या दोहोंमधला एक आकडा सीमा म्हणून प्रोग्राममध्ये ठरवलेला असतो. कॉलेजातील ट्यूबलाइटखाली ठरवलेली ही सीमा सभागृहातील प्रखर दिव्यांखाली निरुपयोगी ठरू शकते आणि एरवी कधी न चुकलेले यंत्र पहिल्याच वळणावर रेषा सोडते. अनुभवी मार्गदर्शकाला कारण तत्काळ उमगते, लॅपटॉप ओढून आकडा बदलणेही त्याला सहज शक्य असते, तरीही तो एवढेच विचारतो, "इथे पांढऱ्यावर किती रीडिंग येतंय?" मग विद्यार्थिनी यंत्र एकदा रेषेवर, एकदा रेषेबाहेर ठेवते, दोन्ही आकडे वहीत टिपते आणि नवी सीमा स्वतः ठरवते. यात सरावाची मोलाची मिनिटे जातात, पण पुढच्या सामन्याआधी तेच संकट उभे राहिले तर उपाय तिच्या हातात असतो.

या संयमालाही मर्यादा आहे. फुगलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी किंवा दाबाखालील हवेची सैल नळी दिसताच मार्गदर्शकाने काम थांबवलेच पाहिजे, कारण तेथे चुकीची किंमत विद्यार्थ्याच्या हातांना आणि डोळ्यांना मोजावी लागते. कोणती चूक होऊ द्यावी आणि कोणती मुळीच होऊ देऊ नये, हा विवेक कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही. तो विद्यार्थ्यांवरील मायेतून आणि यंत्राच्या जाणकारीतून, दोन्ही मिळूनच, येतो.

अशा मार्गदर्शनाचे फळ गुणफलकावर दिसेलच असे नाही. पराभूत संघातील मुले परतल्यावर यंत्राचे मोटर आणि सेन्सर सोडवून कपाटात लावतात, फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी पुऱ्या करतात आणि पुढच्या वर्षीच्या संघाला शिकवू लागतात. एखाद्या ज्युनियरचे यंत्र अडले असता त्यांच्यापैकी कोणी हात मागे ठेवून आधी रीडिंग विचारले, तर मार्गदर्शकाची विद्या पुढे पोहोचली असे निःशंक म्हणावे.