फुफीला घेऊन कुंभार पिंपळगावला

सेलू स्टेशनवर फुफीला डब्यात चढवताना पहिली अडचण तिच्या सामानाची झाली. दोन रात्रींसाठी निघालेल्या बाईने मुसल्ला, पानदान, गोळ्यांची पिशवी आणि दोन भावजयांसाठी ज्वारीच्या पिठाच्या दोन पिशव्या घेतल्या होत्या. "पिंपळगावात ज्वारी मिळत नाही का?" मी विचारलं. "माहेरी रिकाम्या हाताने जाऊ?" असं म्हणून तिने पिशव्या मांडीवर घेतल्या. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले, पण नजर शाबूत.

परतूरला उतरलो. मीटरगेजच्या दिवसांत दादा तिला इथेच बैलगाडी घेऊन न्यायला यायचे. ऐन पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की रात्र वाटेतल्या गावी काढायची, हे तिने जीपमध्ये बसल्याबसल्या शेजारच्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. आता डांबरी रस्ता आहे आणि खड्डेही आहेत. दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, मधूनच ऊस. घनसावंगी तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो, त्यामुळे इथल्या जमिनीचे दोन भाव असतात: पाण्याखालच्या रानाचा एक आणि कोरडवाहूचा दुसरा. मोसंबी मात्र पूर्वीसारखी दिसत नाही. 2012 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या. आमचीही गेली. अब्बांनी टँकरने पाणी घातलं, शेवटी झाडं तोडून सरपण विकलं. पुढे जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर आमच्या शेतात तिचं खोडही उरलं नव्हतं.

नावाप्रमाणे हे कुंभारांचं पिंपळगाव. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब इथून जवळच आहे. लहानपणी आम्ही पोरं तिथल्या जत्रेला जायचो आणि खिसा रिकामा करून परत यायचो. आता गावात बाजारपेठ, कॉलेजला जाणारी मुलं, मोबाइलची दुकानं, सगळं आहे. जालन्याहून यायचं तर अंबड, घनसावंगी करत एसटीने. चुकली की पुढची कधी येईल ते विचारू नये.

फुफीला मी का घेऊन चाललो होतो, ते सांगायला हवं.

अब्बा गेले त्यानंतर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज दिला. फेरफारात चार नावं आली: अम्मी, आम्ही दोघं भाऊ आणि आपा. नावं लागायला काहीच अडचण आली नाही. अडचण टपरीवर सुरू झाली. चहाचा पहिला घोट घेण्याआधीच तिघांनी सल्ला दिला, "आता आपाला एकदा घेऊन या आणि हक्कसोड करून टाका. सगळेच करतात." खरंच सगळेच करतात. हिंदू घरांत करतात, आपल्या घरांतही करतात. बहीण येते, सही करते, साडी घेऊन जाते आणि ईदला पुन्हा हक्काने माहेरी येते. सही नाही केली तर माहेर तुटेल, ही भीती तिला कुणी बोलून दाखवत नाही. तरी ती असतेच.

मला मात्र 1999 आठवलं. दादा आदल्या वर्षी वारले होते, दादी त्याआधीच. मी बीएड करत होतो. उर्दू-मराठी दोन्ही वाचता येणारा घरातला एकटाच, म्हणून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिन्ही फुफींना हक्कसोडपत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी स्पष्ट आवाजात, उच्चार सांभाळून वाचलं. "राजीखुशीने" हा शब्द वाचताना थोरल्या फुफीने माझ्याकडे पाहिलं होतं. मग अंगठा पुढे केला. परतताना अब्बांनी तिघींना बांगड्या घेऊन दिल्या आणि मला पेन.

हिशेब अवघड नव्हता. शाळेतल्या मुलांना मी तो फळ्यावर घालतो. सोळा एकर, दोन मुलगे, तीन मुली. सूरह निसाच्या अकराव्या आयतीप्रमाणे मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक, म्हणजे एकूण सात. एक वाटा दोन एकर साडेअकरा गुंठ्यांचा. अब्बा आणि चाचांनी प्रत्येकी आठ एकर घेतलं, तर प्रत्येकाचं होतं चार एकर तेवीस गुंठे. म्हणजे आमच्या सातबाऱ्यावर तीन एकर सतरा गुंठे फुफींचं बसलेलं आहे. पंचवीस वर्षं आम्ही ते पेरलं, खाल्लं. माझ्या बीएडची शेवटची फीसुद्धा त्याच मोसंबीतून गेली.

कायद्याला दोष देणारेही भेटतात. 1937 च्या शरियत कायद्याने आपला वारसाहक्क शरियतप्रमाणे ठरवला, पण शेतजमीन त्यातून वगळली, कारण शेती हा प्रांतांचा विषय होता. मद्रासने 1949 मध्ये दुरुस्ती करून हा अपवाद काढला, बाकी बऱ्याच ठिकाणी राहिला. हे खरं आहे. पण आमच्या फेरफारात आपाचं नाव लागलंच ना? दार उघडं होतं. ते लावून घेण्यासाठी लागणारा स्टॅम्प पेपर आपणच विकत आणतो.

2023 च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आमच्या भागात उर्दू वाचणाऱ्याला अचानक भाव आला. मराठा शेजारी आजोबांच्या पेट्या उघडून कागद घेऊन माझ्याकडे यायचे. मी वाचून द्यायचो: पट्टेदार, काबिज, रकबा, जात. त्या नादात अब्बांची पेटीही उघडली. 1357 फसलीचा, म्हणजे 1947-48 चा पहाणीचा उतारा निघाला, त्यावर दादांचं नाव. त्याखालीच घडी करून ठेवलेली 1999 च्या हक्कसोडाची नक्कल, तीन अंगठ्यांसह. दुसऱ्यांची कागदपत्रं वाचून शाबासकी घेणाऱ्याला स्वतःच्या घरचा कागद वाचायला दोन दिवस लागले.

आणखी एक गोष्ट मनात घर करून होती. उमराहला गेलो तेव्हा मदिनेत शेजारच्या सफात एक इंडोनेशियन गृहस्थ होते, पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ समाजातले. पेशाने शिक्षकच. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे जमलं छान. पडांग शहरापासून त्यांचं गाव अर्ध्या दिवसाच्या वाटेवर डोंगरात होतं. गावाला ते 'नगारी' म्हणतात आणि आईच्या भावाला 'मामाक'. मी चकितच झालो. भातशेती आणि वडिलोपार्जित घर त्यांच्याकडे आईकडून मुलीला जातं, तरणी मुलं नशीब काढायला परमुलखात जातात आणि बहिणीच्या जमिनीवर नजर ठेवायची जबाबदारी मामाची. मातृवंशीय समाजांत हा जगातला सगळ्यात मोठा, आणि पक्का मुसलमान. मी म्हटलं, हे तर शरियतच्या उलटं झालं. ते हसले. त्यांच्यातलेच शेख अहमद खतीब मिनांगकाबावी मक्केत मस्जिद-ए-हरामचे शाफई इमाम होते. त्यांनी या रिवाजाविरुद्ध कठोर लिहिलं. पुढे 1952 मध्ये बुकिटिंगी इथे उलेमा आणि कुळांचे प्रमुख बसले आणि ठरलं, स्वतः कमावलेली मालमत्ता फराइजप्रमाणे वाटायची, कुळाची जुनी जमीन रिवाजाप्रमाणे बायकांकडे. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे शरियतप्रमाणेच होतं ना?" अजान झाली म्हणून माझी सुटका झाली.

गावात पोहोचलो तेव्हा असर झाली होती. अम्मीने फुफीच्या पायाला गरम तेल लावलं. रात्री मी कागद काढून समजावलं: नोंदवलेलं हक्कसोड आता मोडणं सोपं नाही, म्हणून आम्ही भाऊ, अम्मी आणि आपा मिळून आमच्याकडचा हिस्सा बक्षीसपत्राने परत करू. तिघी बहिणींना प्रत्येकी एक एकर पावणेसहा गुंठे. मधली फुफी हयात नाही, तिचं तिच्या मुलांना. हिबाला तोंडी देणं, कबूल करणं आणि ताबा एवढं पुरतं, तरी सातबाऱ्यावर यायचं तर नोंदणी केलेली बरी. मग जे उरेल तो अब्बांचा तर्का, त्यात आपाचा वाटा पहिल्या दिवसापासून. धाकट्या भावाचं तोंड उतरलेलं होतं. त्याला मुलं तीन, नोकरी नाही, त्याचं पोट त्याच रानावर. त्याला मी वाईट म्हणणार नाही. मला पगार आहे, मला उदार होणं स्वस्त पडतं.

फुफी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अपनाच माल, और बख्शीश?" त्या शब्दाला मी उत्तर देऊ शकलो नाही. "कागदावर तसंच लिहितात," एवढंच म्हणालो.

सकाळी तिला शेतात नेलं. मला वाटलं होतं रडेल, दादांची आठवण काढेल. बांधावर बसून तिने आधी चुन्याची डबी शोधली, मग रानावर नजर फिरवली आणि विचारलं, "पानी किधर से लेना, वो बोल पहले. और रास्ता?"

मी भावाकडे पाहिलं. विहीर सामाईक, तीही चाचांच्या भागात. वाटही त्यांच्याच बांधावरून. मोजणी झाली तरी चाचांच्या संमतीशिवाय तो तुकडा म्हणजे चहूबाजूंनी बंद पेटी. आणि चाचांनी आल्यापासून एकदा चहा पाठवला होता, विषयाचं नावही काढलं नव्हतं. त्यांच्याकडेही तीन एकर सतरा गुंठे तसंच बसलेलं आहे.

"वाट त्यांच्यातूनच?" फुफीने पुन्हा विचारलं.

"हो."

तिने हात पुढे केला, मी उठवलं. घरी आल्यावर तिने पिठाची दुसरी पिशवी उचलली, पदर डोक्यावर घेतला आणि मला म्हणाली, "चल. कागद भी ले."

चाचांचं घर मशिदीच्या पलीकडे. मी कागद घेऊन तिच्या मागे निघालो.