धुऱ्याची रेघ

नागपुरात प्लॉटची जाहिरात निघाली की मिहान, विमानतळ आणि जामठ्याचं स्टेडियम किती मिनिटांवर, हे त्यात ठळक असतं. शेताचा धुरा, म्हणजे बांध, कुठून जातो, हे कोणी छापत नाही. मी मात्र कुठलीही जागा आधी धुऱ्यावरून पाहते.

माझ्या मामाचं वावर बेसा-पिपळ्याच्या बाजूला होतं. दोन वावरांमधला मातीचा धुरा, त्यावर हिवर, बाभूळ आणि बोरी. पऱ्हाटी आणि तुरीच्या ओळी तिथवर येऊन थांबायच्या. पहिला दमदार पाऊस पडून गेला की मामा फावडं घेऊन धुऱ्याने फिरायचा. उतारावरचं पाणी धुऱ्याला अडे आणि त्याच्या कडेने नाल्याला लागे. मधेच कुठे धुरा फुटला असेल, तर मामा तिथे लगेच माती चढवायचा. धुरा कोरला म्हणून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. पण पाण्याची वाट बुजवायची नाही, हे भांडणाऱ्यांनाही मान्य असे.

पुढे बाबांनी त्याच भागात एका गृहनिर्माण संस्थेच्या ले-आऊटमध्ये तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला. आम्ही पाहायला गेलो तेव्हा काळ्या मातीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, कोपऱ्यांत सिमेंटचे ठेंगणे खांब होते. निळ्या नकाशात बगिचा होता, शाळेची जागा होती. मिस्त्रीने नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. पहारीने जमीन उकरली आणि म्हणाला, ‘‘मुरूम लागल्याबिगर पाया भरू नोका, बाबूजी. हे माती पावसात फुगते अन् उन्हायात फाटते.’’ बाबांनी त्याचं ऐकलं. मुरूम लागेस्तोवर खड्डे खोदले, त्यात बराच पैसा गेला. गल्लीत ज्यांनी वरच्यावर पाया भरला, त्यांच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग दर मे महिन्यात रुंदावते आणि भादव्यापर्यंत जवळजवळ मिटते. रंगाचे किती हात दिले तरी ती पुन्हा वर येते.

आमचा रस्ता सरळ जातो आणि एका भिंतीपाशी संपतो. पलीकडे दुसरा ले-आऊट, त्याचे रस्ते आमच्यापासून हातभर सरकलेले. कारण साधं आहे. इथे ले-आऊट खसऱ्यागणिक, म्हणजे एकेका सर्व्हे नंबरागणिक, पडले. ज्याचा खसरा त्याने विकला, त्याने त्याच्यापुरत्या रेघा मारल्या. दोन खसऱ्यांमधला धुरा सपाट झाला, त्यावर कंपाउंड वॉल आली. रस्ते अडले ते अडलेच, पण पाणीही अडलं. २००१मध्ये गुंठेवारीचा कायदा आला आणि असंख्य प्लॉट नियमित होण्याची वाट मोकळी झाली. आमच्यासारख्यांच्या जिवात जीव आला, हे खरं आहे. घराला कागद लागतो. पण नियमित झालं ते बांधकाम. उतार होता तसाच राहिला.

२०२३च्या सप्टेंबरात एका रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. त्या जुन्या, शहराच्या पोटातल्या वस्त्या होत्या. तिथे हे होतं, तर काठावर जिथे नाले आत्ताच पाइपात घालताहेत तिथे काय होईल, या विचाराने मला तेव्हापासून स्वस्थता नाही.

आता शहराचा काठ बाहेरच्या रिंग रोडकडे सरकला आहे. २०१७पासून भोवतालच्या गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. म्हणजे अनेक खसरे एकत्र पाहणारं कोणीतरी आहे. ले-आऊटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते. ती कोपऱ्यातल्या न विकल्या जाणाऱ्या तुकड्यावर ढकलण्याऐवजी धुऱ्याच्या आणि नाल्याच्या कडेने लांबट सोडली, तर बगिचाही होतो आणि पाण्याला वाटही राहते. हिवर-बाभळी आधीच उभ्या असतात, लावाव्याही लागत नाहीत.

गेल्या महिन्यात लेकीसाठी जागा पाहायला गेलो. एजंट नकाशा गाडीच्या बोनेटवर पसरून दर सांगत होता. मी पलीकडे धुऱ्यावर चढले. चार-दोन हिवरं शाबूत होती, आणि त्यांच्या बुंध्याशी वाळलेल्या गाळाची रेघ घोट्याच्याही वर होती. लेकीला बोलावून ती दाखवली. तिने वाकून बोटाने गाळ खरवडला आणि परत जाऊन एजंटला विचारलं, ‘‘दादा, हे पाणी जातं कुठं?’’ त्याने नकाशा उलटासुलटा करून पाहिला. इसार द्यायचा ते आम्ही थांबवलं. ऑगस्टमध्ये, झड लागलेली असताना, पुन्हा जाऊन पाहायचं ठरलं आहे.